चित्रगुप्ताची चुकलेली नोंद : 'अदिसय पिरवी'ची पार्श्वभूमी

एस. पी. मुत्तुरामन यांच्या 'अदिसय पिरवी' या तमिळ चित्रपटात (१९९०) रजनीकांत वेळेआधी मरतो. चूक वरच्या दरबाराची. तो यमाशी भांडून ती चूक पदरात घालतो, पण परत पाठवावं तर खाली देहाचं दहन उरकलेलं. मग हुबेहूब दिसणाऱ्या दुसऱ्या माणसाचा देह शोधायचा. गोष्ट मूळची तमिळ नव्हे. चिरंजीवीच्या 'यमुडिकि मोगुडु' (१९८८) या तेलुगू चित्रपटाचा हा रिमेक.

हा वंश मागे बंगालपर्यंत जातो. दीनबंधू मित्र या एकोणिसाव्या शतकातल्या लेखकाच्या कथेवरून १९५८ साली 'जमालये जीवंत मानुष' निघाला : यमाच्या घरी जिवंत माणूस. १९६० साली सी. पुल्लय्यांनी तोच धागा दोन भाषांत नेला, तेलुगूत 'देवांतकुडु' आणि तमिळमध्ये 'नान कंड सोर्गम'. पुढे एन. टी. रामारावांच्या 'यमगोला'त (१९७७) नायक यमलोकातल्या नोकरांची युनियन बांधून संप घडवतो. त्याचा तमिळ अवतार 'यमनुक्कु यमन' (१९८०). हिंदीत तोच जितेंद्रचा 'लोक परलोक' (१९७९), जो आपल्याकडे अनेकांना आठवत असेल.

रिमेकची साखळी सांगितली म्हणजे सगळं कळलं असं नाही. तमिळ प्रेक्षकाला यमाची फजिती नवी नव्हती, ती देवळातच पाहायला मिळते. तिरुक्कडैयूरला शिव 'कालसंहारमूर्ती' आहे. मार्कंडेयाला न्यायला आलेल्या यमाचा पाश शिवलिंगावरही पडला आणि शंकराने त्याला लाथेने लोळवला. म्हणून साठीची आणि ऐंशीची शांत करायला जोडपी आजही याच देवळात जातात. तिरुच्चीजवळच्या तिरुप्पैञ्ञीलीची स्थलकथा याच्या पुढची : यमच नाही म्हणून कुणी मरेना, पृथ्वीला भार सोसेना, शेवटी शंकराने त्याला पुन्हा जिवंत करून कामावर रुजू केलं. दप्तर बंद पडलं की काय होतं, हा विनोद पटकथाकारांच्या कितीतरी आधीचा आहे.

चित्रगुप्तही तिथे नुसता गोष्टीतला कारकून नाही. कांचीपुरममध्ये त्याचं स्वतंत्र देऊळ आहे, आणि चैत्री पौर्णिमेला, म्हणजे 'चित्रा पौर्णमी'ला, पापपुण्याच्या या हिशेबनिसाची पूजा होते. भाविकांच्या लेखी ती वही खरी, म्हणूनच वहीतल्या खाडाखोडीला हशा मिळतो. 'अदिसय पिरवी'त तर चित्रगुप्ताच्या जोडीला 'विचित्रगुप्त' आहे आणि ते काम चो रामस्वामी करतात. राजकीय टवाळीत हयात गेलेल्या माणसाला यमाच्या कचेरीत बसवणं ही निवड अचूक होती. (विनू चक्रवर्तींचा यमही पाहण्यासारखा. आणि नायक रजनीकांत, म्हणजे शिवाजीराव गायकवाड, हा बंगळुरातल्या मराठी घरातला, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.)

या कथा चालतात त्या नियमांवर. सावित्री यमाला शब्दांत पकडते. भागवतातल्या अजामिळाला न्यायला आलेले यमदूत विष्णुदूतांकडून नियम ऐकून हात हलवत परततात. यम जुलमी असता तर विनोद झालाच नसता. तो 'धर्मराज' आहे, स्वतःच्या कायद्याने बांधलेला, म्हणून अडकतो. हे ज्या लेखकाला कळत नाही तो यमाला निव्वळ गदाधारी विदूषक करतो आणि नायकाच्या युक्तीला वजनच उरत नाही. दुसरी नेहमीची खोट उत्तरार्धात : नायक पृथ्वीवर उतरला की सूडाचा ठरीव मसाला सुरू होतो आणि यमलोक अधूनमधून डोकावण्यापुरता राहतो. तेलुगू 'यमलीला'वरून आलेल्या तमिळ 'लकी मॅन'ने (१९९५) यावर सोपा तोडगा वापरला. भविष्य लिहिलेलं पुस्तकच वरून खाली पडतं, त्यामुळे गौंडमणीचा यम आणि सेंथिलचा चित्रगुप्त यांना ते शोधायला पृथ्वीवर यावं लागतं. ही विनोदी जोडी तोवर घराघरांत पोहोचलेली होती. डोक्यावर मुकुट आला तरी तिचं भांडण जुनंच राहिलं. २००८ साली 'इंद्रलोकत्तिल ना अळगप्पन'मध्ये विनोदी नट वडिवेलूने अळगप्पन, इंद्र आणि यम अशा तिन्ही भूमिका एकट्यानेच केल्या.