स्कंक कॅबेज

(सिम्प्लोकार्पस फीटिडस, कुल–ॲरेसी). उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील दलदलीत आणि ओढ्याकाठी वाढणारी, सुरण-अळूच्या कुलातील बहुवर्षायू वनस्पती. कॅनडातील नोव्हा स्कोशियापासून पश्चिमेस मिनेसोटा आणि दक्षिणेस टेनेसीपर्यंत ती मूळची आहे. पान चुरडले की स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्याची आठवण करून देणारी दुर्गंधी सुटते, म्हणून हे नाव. कोबीशी मात्र तिचे काही नाते नाही.

तिकडच्या वसंताचे हे पहिले रानफूल. फेब्रुवारी-मार्चमध्ये, चिखल अजून गोठलेला असतानाच ते वर येते. बर्फाच्या थरात ताटलीएवढे गोल भोक पडलेले असते आणि त्यात किरमिजी-हिरवट ठिपक्यांची, वीतभरही उंच नसलेली खोळ उभी असते. ही पाकळी नव्हे, महाछद (फुलोऱ्याला वेढणारे पानासारखे आवरण). खरी फुले अगदी बारीक. आतल्या लिंबाएवढ्या गोळ्यावर (स्थूलकणिशावर, म्हणजे जाड, मांसल दांड्याच्या फुलोऱ्यावर) ती दाटीने बसवलेली असतात.

बर्फ वितळतो तो या गोळ्याच्या उबेने. जीवशास्त्रज्ञ रॉजर नुटसन यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले, की बाहेर उणे १५° से. थंडी असली तरी स्थूलकणिश हवेपेक्षा १५ ते ३५ अंशांनी उबदार राहते आणि हे किमान दोन आठवडे चालते. गारठा वाढला की श्वसन वाढते, कमी झाला की मंदावते. त्या काळात ते तेवढ्याच आकाराच्या उष्णरक्ताच्या प्राण्याइतका ऑक्सिजन वापरते. जळण म्हणजे जमिनीखालच्या जाड मूलक्षोडात (खोडात) साठवलेला स्टार्च. ऊब आणि वास यांमुळे हंगामातल्या पहिल्या माश्या आत शिरतात व परागण होते.

पाने फुलांनंतर येतात. ती हात-दीड हात लांब असतात. कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे कच्चे पान तोंडात धरवत नाही. शेवळं ही याच कुलातली रानभाजी काकडाच्या आंबट फळांशिवाय शिजवून ज्यांनी घसा खवखवून घेतला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात मुळे औषधात वापरत. ‘ड्रॅकाँटियम’ या नावाने अमेरिकी औषधसंहितेत तिची नोंद होती.

उन्हाळा सरता सरता पाने वाळून गळत नाहीत, चिखलातच विरघळून जातात. मुळे आकसणारी असल्याने ती खोडाला दरवर्षी थोडे खाली ओढतात. त्यामुळे जुने झाड उपटणे जवळजवळ अशक्यच. कुदळीनेही ते सहज निघत नाही.