सर्व्हिस (बॅडमिंटन) : नियम व अंमलबजावणी

बॅडमिंटनमध्ये प्रत्येक रॅली, म्हणजे एका गुणासाठी चालणारी फटक्यांची देवाणघेवाण, ज्या फटक्याने सुरू होते, तो फटका म्हणजे सर्व्हिस. टेनिस किंवा व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस हे थेट गुण मिळवण्याचे हत्यार असते. बॅडमिंटनने मात्र नियमांनीच तिची धार काढून घेतली आहे. शटल खालून वर मारायचे, तिरप्या बाजूच्या सर्व्हिस कोर्टात उतरवायचे आणि पहिल्या चढाईची संधी समोरच्याला द्यायची, अशी या फटक्याची घडण आहे. जाळी मध्यभागी १.५२४ मीटर उंच असते, तर मारताना संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावे लागते. त्यामुळे कितीही कसबी खेळाडू असला तरी त्याचे शटल किमान ३७ सेंटिमीटर चढूनच पलीकडे जाते. सर्व्हिसचे वाद बहुतेक या चढणीतले काही सेंटिमीटर वाचवण्यावरूनच झाले आहेत.

या नियमांचे मूळ शोधताना खेळाच्या उगमाचा जुना वाद टाळता येत नाही. ब्रिटिश अधिकारी पुण्यात जाळी बांधून हा खेळ खेळत आणि त्याला ‘पूना’ म्हणत, याबद्दल फारसा मतभेद नाही. पुण्यात १८७३ च्या सुमारास पहिले नियम लिहिले गेले, असे सांगण्याची प्रथा आहे. त्याच वर्षाची आणखी एक कथा ग्लॉस्टरशरमधील बॅडमिंटन हाउसशी जोडली जाते. खेळाला नाव त्या वाड्यावरून मिळाले, पण नियमांचे श्रेय वाड्याला देणे अवघड आहे. इंग्लंडमध्ये १८८७ पर्यंत हिंदुस्थानात रुळलेल्या नियमांनीच खेळ चाले. त्या वर्षी बाथ येथील क्लबशी संबंधित जे. एच. ई. हार्ट यांनी ते नव्याने बांधले, १८९० मध्ये बॅग्नेल वाइल्ड यांच्यासह पुन्हा तपासले आणि १८९३ मध्ये स्थापन झालेल्या इंग्लंडच्या संघटनेने त्यांच्या आधारे आपली नियमावली काढली. हा क्रम पाहता नाव इंग्लंडचे आणि नियमांचा पहिला कच्चा खर्डा पुण्याकडचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

विसाव्या शतकात सर्व्हिसच्या उंचीला कमरेची मर्यादा होती. कंबर म्हणजे काय, हेही नियमात सांगितले होते : सर्वांत खालच्या बरगडीच्या खालच्या टोकाच्या पातळीवर शरीराभोवती कल्पिलेली रेषा. व्याख्या शरीरशास्त्राच्या दृष्टीने चोख होती, पण ती रेषा सैल जर्सीखाली असे आणि सर्व्हिस जजला, म्हणजे सर्व्हिस नियमात बसते का हे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, ती काही मीटरवरून, क्षणार्धात ठरवावी लागे. दुसरी कसोटी दांड्याची होती. आघाताच्या क्षणी रॅकेटचा दांडा खाली झुकलेला असावा आणि रॅकेटचे संपूर्ण डोके रॅकेट धरलेल्या हाताच्या स्पष्टपणे खाली असावे, असे ती सांगे. पुढे या कसोटीतील हाताचा उल्लेख गळला आणि दांडा व डोके खालच्या दिशेला असले की पुरे झाले. एकाच खेळाडूची तीच सर्व्हिस एका स्पर्धेत चालायची आणि दुसरीत फॉल्ट (नियमभंग) ठरायची, याचे कारण या दोन्ही कसोट्या नजरेवर अवलंबून होत्या, हेच होय.

शटल कुठे मारायचे, याचा नियम एका मलेशियन घराण्यामुळे कडक झाला. १९८० च्या दशकाच्या आरंभी मिसबुन, रझिफ आणि जलानी या सिदेक बंधूंनी शटलच्या बुचाऐवजी, म्हणजे पिसे रोवलेल्या गोल तळाऐवजी, आधी पिसांना कापत जाणारी सर्व्हिस रूढ केली. पिसांवर आघात झाल्याने शटल गरगरत, डगमगत जाळी ओलांडे. ते कोणत्या बाजूला वळेल, हे घेणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नसे. रझिफ आणि जलानी यांनी १९८२ मध्ये ऑल इंग्लंड या मानाच्या स्पर्धेचे दुहेरी विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने या सर्व्हिसवर बंदी घातली, आणि रॅकेटचा पहिला स्पर्श शटलच्या बुचालाच झाला पाहिजे, हे पक्के झाले.

२००६ मध्ये २१ गुणांची रॅली पद्धत आली. त्यापूर्वी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळत असे, त्यामुळे फॉल्ट झाल्यास केवळ सर्व्हिस जाई. आता प्रत्येक फॉल्टबरोबर प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो. २०-२० वर दिलेला फॉल्ट आणि दुसऱ्या गेमच्या पहिल्याच गुणावरचा फॉल्ट नियमाच्या दृष्टीने सारखेच, पण जजच्या छातीवर येणारा भार सारखा नाही. अंमलबजावणीतील कडक-सैलपणाचा विचार या गुणपद्धतीपासून तोडून करता येत नाही.

विश्व बॅडमिंटन महासंघाने मार्च २०१८ पासून १.१५ मीटरची स्थिर उंची प्रायोगिक म्हणून लागू केली. ऑल इंग्लंडसारख्या मोठ्या स्पर्धेत ती लगेच दिसली आणि पुढे ती कायम झाली. कंबर आणि दांडा ही जुनी जोडी पर्यायी नियम म्हणून उरली. १.९४ मीटर उंचीच्या डेन्मार्कच्या व्हिक्टर अॅक्सेलसनसारख्या खेळाडूंनी नव्या नियमाला उघड विरोध केला, कारण उंच माणसाची बरगडी या रेषेच्या बरीच वर असते. ठेंगण्या खेळाडूंना उलट सवलत मिळाली. शरीरानुसार बदलणारी मर्यादा जास्त न्याय्य, हा आक्षेप तत्त्वतः खरा आहे. तरीही जजला मोजता येईल अशी रेषा देणे खेळाच्या हिताचे ठरले, असेच म्हणावे लागते.

ही मोजणी कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. पंचाच्या समोरच्या बाजूला, जाळीच्या खांबाजवळ सर्व्हिस जज ठेंगण्या खुर्चीवर बसतो. त्याच्यासमोर एका खांबावर दोन पारदर्शक पट्ट्या एकामागे एक बसवलेल्या असतात आणि दोन्हींवर १.१५ मीटरला आडवी रेघ असते. दोन्ही रेघा एकमेकींवर बसतील अशी नजर धरली, तरच उंची खरी दिसते. डोके थोडे वर-खाली झाले की रेघा सुटतात. दुहेरीत सर्व्हिस करणारा पिसाचे टोक अंगठा व तर्जनीत धरून बूच रॅकेटकडे वळवतो आणि बॅकहँडने हलकेच टोचतो. आघाताच्या नेमक्या क्षणी शटलचे वरचे टोक रेघेच्या खाली होते का, हे जजला ठरवायचे असते. त्याच वेळी पाय जमिनीला टेकून स्थिर आहेत का, कोर्टाच्या रेषेला लागत नाहीत ना, आणि रॅकेट मध्येच न थांबता पुढे जाते का, हेही पाहायचे असते. घेणाऱ्याच्या पायांवर लक्ष ठेवणे हे पंचाचे काम.

रेषेवरील निर्णय स्पष्ट चुकला असेल तर पंच तो फिरवू शकतो. सर्व्हिस जजचा निर्णय मात्र त्याला फिरवता येत नाही. खेळाडूला मिळणारी व्हिडिओ पुनरावलोकनाची मागणीही रेषेच्या निर्णयांपुरतीच असते. बॅडमिंटनमधला हा बहुधा सर्वांत एकाकी निर्णय आहे.

२०२३ च्या वसंतात डेन्मार्कच्या मार्कुस रिंडशॉयची सर्व्हिस गाजली. तो शटल सोडतानाच बोटांनी त्याला फिरकी देई, मग बुचावर मारी; म्हणजे सिदेकांसाठी केलेला नियम मोडतच नव्हता. महासंघाने मे महिन्यात तिच्यावर तात्पुरती बंदी घातली आणि ती पॅरिस ऑलिंपिकनंतरपर्यंत वाढवली. आता शटल सोडण्याची कृतीही नियमाच्या कक्षेत आली.

खालच्या पातळीवर चित्र वेगळे आहे. लहान स्पर्धांत सर्व्हिस जज नसतो; पंचच उंच खुर्चीवरून दोन्ही बाजू पाहतो, आणि वरून पाहताना उंचीचा अंदाज हमखास फसतो. जिमखान्यात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये खांद्याजवळून मारलेली सर्व्हिसही कोणी अडवत नाही. त्यात दीड मीटरहून कमी उंचीच्या मुलांसाठी १.१५ ची रेघ छातीच्या वर, जवळजवळ खांद्यापाशी येते. त्यांना कमरेची जुनी सवय लावणेच शहाणपणाचे. हात एकदा वर मारायला बसला, की जज असलेल्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत सलग दोन-तीन फॉल्ट मिळतात, आणि तेव्हा भर सामन्यात हात खाली आणणे फार कठीण जाते.