मुरगळलेला घोटा आणि कुरकुरणारा अकिलीस: दोघांचा हिशेब वेगळा

घोटा मुरगळला त्याची तारीख सांगता येते. कुठली पायरी चुकली, पायात काय होतं, सगळं आठवतं. अकिलीस टेंडनचं, म्हणजे टाचेमागच्या जाड दोरीचं, दुखणं कधी सुरू झालं असं विचारलं, की माणूस जरा थांबतो. "दोनेक महिने झाले असतील. सकाळी टाच आखडलेली असायची, चार पावलं चाललं की मोकळी व्हायची, म्हणून लक्ष दिलं नाही." दोन्ही दुखण्यांत अंतर चार बोटांचं, आणि दोन्हींना आपण 'घोटा दुखतोय' एवढंच म्हणतो. उपायही एकच करतो: बर्फ, पट्टी, आराम. नुसतं पडून राहायचं असेल तर हा घोटाळा फारसा नडत नाही. पण दुखणं बरं होईपर्यंत हातपाय हलते ठेवायचे असतील तर नडतो, कारण एकाला मानवणारी हालचाल दुसऱ्याला सोसत नाही.

मुरगळतं ते लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा. पाऊल आतल्या बाजूला वळलं की बाहेरच्या घोट्याच्या थोडं पुढे असलेलं लिगामेंट ताणलं जातं, त्याचे काही तंतू तुटतात. लगेच सूज येते आणि एकदोन दिवसांत कातडी काळीनिळी होते. अकिलीस टेंडन पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडतो. शरीरातला हा सगळ्यात जाड टेंडन, आणि धावताना याच्यावर वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. तो सहसा एका फटक्यात बिघडत नाही. थोड्या दिवसांत अंतर वाढवलं, चढ वाढवले, बऱ्याच खंडानंतर एकदम दोरीवरच्या उड्या सुरू केल्या, की कुरकुर सुरू होते. टाचेमागची ही जाड दोरी चिमटीत धरून दाबून बघा. दुखरी जागा हाडापासून 2 ते 6 सेंटिमीटर वर असेल, किंवा टेंडन हाडाला चिकटतो तिथेच असेल. या दोन जागांतला फरक पुढे कामाला येतो.

हालचालीचा विचार करण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्यायलाच हव्यात. घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड वा टोक दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर असलेलं हाड किंवा आतल्या बाजूचं कमानीवरचं हाड दाबल्यावर दुखत असेल तरीही काढावा. कॅनडातल्या ओटावा इथे 1990च्या दशकात तयार झालेले हे नियम आजही वापरात आहेत. अकिलीसच्या बाबतीत भीती असते ती तो तुटल्याची. मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं, कधी 'फट्' असा आवाज येतो, आणि वळून पाहावं तर मागे कुणीच नसतं. अशा वेळी पालथं झोपून, पाऊल पलंगाच्या कडेबाहेर सोडून, दुसऱ्या कुणाला पोटरी दाबायला सांगावी. टेंडन शाबूत असेल तर पाऊल खाली हलतं. हललं नाही तर थेट डॉक्टर.

'चालता येतंय, म्हणजे तुटलेला नाही' या समजुतीने बरेच जण फसतात. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचा अकिलीस 12 एप्रिल 2013 ला भर सामन्यात तुटला. त्यानंतर तो स्वतः चालत रेषेवर गेला, दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि मग बाहेर पडला.

समजा, हाड मोडलेलं नाही आणि टेंडनही तुटलेला नाही. आता मुख्य फरक येतो तो वेदना वाचण्याचा. मुरगळलेला घोटा सरळमार्गी असतो. नको ती हालचाल केली की तिथल्या तिथे ओरडतो, त्यामुळे त्याचं ऐकत गेलं तरी बरंचसं भागतं. अकिलीस मात्र आतल्या गाठीचा. अंग गरम झालं की दुखणं ओसरतं, आपण खूश होऊन दोन फेऱ्या जास्त मारतो, आणि तो वसुली करतो दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून अकिलीसवाल्याने आज किती दुखलं यापेक्षा उद्या पलंगावरून उतरताना पहिली पावलं कशी पडतात ते बघावं. आखडलेपण रोजच्याइतकंच असेल तर आजचा व्यायाम झेपला. वाढलं असेल तर जास्त झाला.

थोडं दुखत असताना हालचाल करावी की नाही? स्वीडनमधला 2007 चा एक अभ्यास मला इथे महत्त्वाचा वाटतो. अकिलीस दुखणाऱ्या रुग्णांचे त्यात दोन गट केले होते. दोघांनाही ताकदीचे व्यायाम दिले, पण पहिले सहा आठवडे एका गटाचं धावणं-उड्या मारणं बंद ठेवलं. दुसऱ्या गटाला दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी धावायची मुभा होती. धावत राहिलेल्यांचं काही बिघडलं नाही, दोन्ही गट सारखेच सुधारले. याचा अर्थ दात-ओठ खाऊन पळावं असा नाही. पण टेंडनला महिनोन्‌महिने गादीवर ठेवून तो बरा होत नाही, उलट ताण सोसायची त्याची ताकद आणखी उतरते.

सायकल दोघांनाही चालते, पण वेगळ्या कारणाने. घोटा पेडलवर फक्त पुढेमागे हलतो, बाजूला वळत नाही, म्हणून मुरगळल्यावर सूज उतरू लागली की सायकल लवकर सुरू करता येते. अकिलीसवाल्याने पेडल चवड्याखाली न ठेवता पावलाच्या मध्याखाली ठेवावं, म्हणजे पोटरीचा जोर कमी लागतो. उभं राहून चढ मारायचा नाही. पोहण्यात मुरगळलेल्या घोट्याला नडतो तो बेडकासारखा पाय मारण्याचा प्रकार, कारण त्यात पाऊल बाहेर वळतं. अकिलीसला नडतो तो भिंतीला पाय रोवून मारलेला रेटा; तो चांगल्या पायाने मारावा. चालण्यात तर दोघांचे शत्रूच वेगळे. घोट्याला खाचखळगे नकोत, अकिलीसला चढ नको. सपाट तळव्याची चप्पल मुरगळलेल्याला एकवेळ चालेल, पण अकिलीस हाडापाशी दुखत असेल तर अनवाणी चालण्यापेक्षा टाच थोडी उंच असलेला बूट बरा.

कंबरेच्या वरचे व्यायाम आणि चांगल्या पायाचे व्यायाम तर दोघांनीही खुशाल करावेत. एका पायाला व्यायाम दिला की दुसऱ्याची ताकदही थोडी टिकते. हे कानाला विचित्र वाटतं, पण खरं आहे.

दुरुस्तीचे व्यायामही वेगळे. मुरगळलेल्या घोट्याची गेलेली गोष्ट म्हणजे तोल. सूज उतरते, दुखणं थांबतं, आणि माणूस 'झालं बरं' म्हणून मैदानात जातो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, कारण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला टपलेला असतो. एका पायावर उभं राहून दात घासा, मग तेच डोळे मिटून करून बघा (बेसिनला हात लावायला हरकत नाही). खेळताना पहिले काही महिने आधाराचा पट्टा वापरावा.

अकिलीसला हवा असतो वजनाचा सराव. 1998 मध्ये हाकन अल्फ्रेडसन या स्वीडिश डॉक्टरने दिलेला कार्यक्रम प्रसिद्ध आहे: पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच सावकाश खाली सोडायची, एकदा गुडघा ताठ ठेवून आणि एकदा वाकवून, प्रत्येकी 15 वेळा असे तीन संच, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. दुखरी जागा वर असेल तर हे चालतं. हाडापाशी असेल तर टाच पायरीखाली सोडू नये, सपाट जमिनीपर्यंतच आणावी. खाली गेली की टेंडन हाडावर दाबला जातो. पोटरी ताणण्याचे व्यायामही याच कारणाने हाडापाशी दुखणाऱ्यांना सोसत नाहीत. 'आखडलंय, ताणू या' म्हणणाऱ्यांची अडचण इथे होते.

तुटलेल्या टेंडनला यातलं काहीच लागू नाही. पाय स्थिर ठेवणारा त्याचा खास बूट, त्यातली टाचेची उंची, कधी किती वजन टाकायचं, हे उपचार करणाऱ्यानेच ठरवायचं. ताणून लांब होऊन जुळलेला टेंडन कायमचा कमजोर राहतो, म्हणून तिथे ताणणं वर्ज्य. बुटात असताना पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला तर त्याच दिवशी दाखवावं, रक्ताची गुठळी असू शकते.

धावणं पुन्हा सुरू करताना मुरगळलेल्याने आधी एका पायावर बाजूला उडी मारून न डगमगता थांबता येतं का ते बघावं. अकिलीसवाल्याने एका पायावर टाच उचलत मोजावं: चांगल्या पायावर 25 होत असतील आणि दुखऱ्यावर 12, तर अजून वेळ आहे. आकडे जवळ आले की एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, आणि तेही दिवसाआड.