विपर्यस्त अवयवरचनेतील आंत्रपुच्छशोथ

छाती व पोटातील अवयव आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलट बाजूंस असण्याच्या जन्मजात स्थितीला सायटस इन्व्हर्सस टोटालिस म्हणतात. साधारणतः 10,000 व्यक्तींमागे एकीत ती आढळते. अशा व्यक्तीचे अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ, डाव्या ओटीपोटात असते. गर्भावस्थेत आतड्याचे 270 अंशांचे वळण अपुरे राहिल्यास हृदय जागच्या जागी असूनही आंत्रपुच्छ डावीकडे राहू शकते, आणि निदानाच्या दृष्टीने ही दुसरी स्थिती अधिक फसवी ठरते, कारण छाती तपासून तिचा सुगावा लागत नाही.

अशा व्यक्तीला आंत्रपुच्छशोथ, म्हणजे आंत्रपुच्छाचा दाह (अपेंडिसायटिस), झाल्यास दुखणे नेहमीप्रमाणे बेंबीभोवती सुरू होते व मळमळ, ताप यांसह काही तासांत एका बाजूस स्थिरावते. अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 मध्ये वर्णिलेला उजवीकडील दुखरा बिंदू येथे सहसा डावीकडे सापडतो. मात्र काही रुग्णांत आंत्रपुच्छ डावीकडे असूनही वेदना उजवीकडेच जाणवते. डावीकडील दुखण्यात मुतखडा, मोठ्या आतड्याच्या पिशव्यांचा दाह, स्त्रियांत बीजांडकोशाला पडलेला पीळ किंवा गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा यांचा विचार आधी होतो आणि त्या अवधीत आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका वाढतो.

सायटस इन्व्हर्सस असल्यास निदानाची पहिली खूण बहुधा साध्या छातीच्या एक्स-रेत मिळते: हृदयाचे टोक उजवीकडे आणि जठरातील हवेचा बुडबुडा उजव्या मध्यपटलाखाली (छाती व पोट यांमधील स्नायूच्या पडद्याखाली). फिल्म उलटी लावली असावी असे समजून ती सरळ केली जाण्याचा संभव असतो, म्हणून कोपऱ्यातील बाजूदर्शक अक्षर आधी पाहावे. पुढे सोनोग्राफी, आणि शंका उरल्यास सीटी स्कॅन निर्णायक ठरतो. गर्भवतींत एमआरआय श्रेयस्कर.

गोव्यात अशा रुग्णाची वाट बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्रातून म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळाकडे आणि गरज पडल्यास बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाते. 1842 साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणाऱ्या या संस्थेत शेजारच्या सिंधुदुर्गातूनही रुग्ण येतात. एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे पाठवताना चिठ्ठीवर केवळ ‘पोटदुखी’ न लिहिता ‘हृदय उजवीकडे’ एवढे दोन शब्द लिहिले, तरी पुढचा बराच वेळ वाचतो.

उपचार मूलतः तोच: प्रतिजैविके आणि आंत्रपुच्छ काढून टाकणे. गळू झाले असल्यास आधी पू काढून शस्त्रक्रिया लांबवता येते. जर्मन डॉक्टर कुर्ट सेम यांनी 1980 मध्ये आंत्रपुच्छासाठी प्रथम वापरलेली दुर्बिणीची पद्धत येथे विशेष सोयीची, कारण निदान डळमळीत असले तरी तिच्यामुळे संपूर्ण पोट पाहता येते. दुर्बिणीतील दृश्य दाखवणारा पडदा रुग्णाच्या डावीकडे ठेवतात, शल्यविशारद उजवीकडे उभा राहतो आणि उपकरणांची छिद्रेही उलट बाजूंस घेतली जातात; हाताला लागलेली सवय मोडावी लागत असल्याने घाई टाळावी. भूलतज्ज्ञाला ईसीजीचे इलेक्ट्रोड उलटे लावावे लागतात. कार्टाजेनर विकार असल्यास, म्हणजे जुनाट सायनसदाह व श्वासनलिकांचे रुंदावणे सोबत असल्यास, शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसांत कफ साठू नये म्हणून श्वसनाचे व्यायाम लवकर सुरू करतात.