बाराव्या पायदानवरचं गाणं

जुनी गाणी ऐकायला आता काही कमी राहिलेली नाही. यूट्यूब आहे, स्पॉटिफाय आहे, दोन शब्द टाकले की गाणं हजर. तरीपण जगभर लोक जुने काउंटडाऊन शो, म्हणजे गाजणारी गाणी खालच्या नंबरापासून पहिल्या नंबरापर्यंत क्रमाने लावणारे रेडिओचे कार्यक्रम, जसेच्या तसे परत ऐकतायत. केसी केसमचा 'अमेरिकन टॉप 40' 4 जुलै 1970 ला सुरू झाला, त्यातले सत्तर आणि ऐंशीच्या दशकातले एपिसोड अमेरिकेतली स्टेशन्स आजही विकेंडला लावतात, आणि तेही आठवडा जुळवून, म्हणजे आत्ता जूनचा दुसरा आठवडा चालू असेल तर जुन्या कुठल्यातरी वर्षातल्या जूनच्या त्याच सुमाराचा शो. नेटवरून ते पुण्यात बसून आरामात ऐकता येतात. आणि हिंदी गाण्यांचं म्हणाल तर पुण्यातल्या किती घरांत आजोबांच्या कॉटशेजारी तो कारवां (जुनी गाणी भरलेला रेडिओसारखा प्लेअर) असतो, त्यात अमीन सयानींच्या आवाजात गीतमाला, म्हणजे आपला हिंदी गाण्यांचा काउंटडाऊन, आहेच.

आता प्रश्न असा की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी लावलेली यादी, तीपण आपल्या आवडीची नसलेली, त्यातली निम्मी गाणी तर अगदीच साधारण, ती सगळी पुढे न ढकलता का ऐकायची? आवडती दहा गाणी काढून प्लेलिस्ट केली की झालं ना? मला वाटतं नाही झालं. जुन्या काउंटडाऊनची खरी ताकद त्या साधारण गाण्यांतच आहे, आणि असं मला का वाटतं त्याला मेंदूविज्ञानात आणि मानसशास्त्रात चांगलाच आधार सापडतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये, कोथरूडला, एक काका आहेत, वय सत्तरीच्या पुढे, लहानपण सगळं सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलेलं. संध्याकाळी त्यांच्याकडे कारवां चालू असतो. लता-रफी-किशोरची सदाबहार गाणी लागली की ते छान मान डोलावतात, सोबत गुणगुणतात, आणि पेपर वाचत राहतात. पण एकदा गीतमालेत असंच एक गाणं लागलं, जे नंतर कधी कुठे फारसं वाजलंच नाही, आणि काकांनी पेपर खाली ठेवला. मग वाड्याच्या चौकातला नळ, शेजारच्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ, त्याच्यावरचा तो हिरवा मॅजिक आय (स्टेशन नीट लागलं की मिटत जाणारा), रॉकेलच्या स्टोव्हचा वास, आणि रेडिओ आपला नसल्यामुळे दारात उभं राहून ऐकायचं असा घरचा नियम, हे सगळं एका दमात बाहेर आलं. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत ते बोलतच होते. सदाबहार गाण्यांना असं कधी झालेलं मी बघितलं नाही.

हे नुसतं काकांचं भावुक होणं नाहीये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधले पेटर यानाटा यांनी 2007 मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास छापला. त्यांनी विद्यार्थ्यांना जुन्या गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि विचारलं, यावरून आयुष्यातलं काही आठवतंय का. गंमत म्हणजे गाणी त्यांच्या आवडीची निवडली नव्हती, ती बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या हिट गाण्यांच्या याद्यांमधून, ऐकणारा लहान किंवा टीनएजर असतानाच्या वर्षांतली, कशीही उचललेली होती. म्हणजे जवळजवळ काउंटडाऊनच. सरासरी 30 टक्के गाण्यांनी कसली ना कसली वैयक्तिक आठवण जागी केली. हे फार आहे हो! दुसऱ्या कोणीतरी बनवलेली यादी, त्यातल्या दर दहा गाण्यांमागे साधारण तीन तुमच्या आयुष्यातल्या कुठल्यातरी प्रसंगाला चिकटलेली निघतात, आणि ऐकायच्या आधी तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. यानाटांनी 2009 मध्ये हेच एफएमआरआय स्कॅनरमध्ये (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारं यंत्र) लोकांना आडवं करून केलं तेव्हा कपाळाच्या मागे, मेंदूच्या मधल्या भागात असलेलं मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, आठवण जितकी ठळक तितकं जास्त सक्रिय दिसलं. स्वतःबद्दल विचार करताना जो भाग कामाला लागतो तोच हा.

मग सदाबहार गाणं इथे मागे का पडावं? मानसशास्त्रात 'क्यू ओव्हरलोड' नावाची एक कल्पना आहे, 1975 मध्ये ओल्गा आणि मायकल वॉटकिन्स यांनी मांडलेली. एखाद्या खुणेला जितक्या जास्त गोष्टी बांधलेल्या असतील तितकी ती खूण त्यातली एक विशिष्ट गोष्ट वर काढायला कमी उपयोगी. त्यांचे प्रयोग शब्दांच्या याद्यांवर होते, पण गाण्याला लावून बघा. जे गाणं तुम्ही 1972 ला ऐकलं, मग मित्राच्या लग्नात बँडवर ऐकलं, मग गणपतीच्या मांडवात, रिक्षात, मुलीच्या गॅदरिंगला, रिअ‍ॅलिटी शोमध्ये आणि शेवटी कोणाच्यातरी रिंगटोनला, त्या गाण्याला आता शंभर ठिकाणं चिकटलीयत, त्यामुळे ते लागलं की ओळखीचं वाटतं, छान वाटतं, पण नेमकं कुठलंच ठिकाण उभं राहत नाही. आणि जे गाणं त्या एका पावसाळ्यात आठ-दहा आठवडे वाजलं आणि मग गायबच झालं, त्याला फक्त तो एक पावसाळा चिकटलाय. पेटीत पडून राहिलेली नऊवारी घडी मोडली की जसा पहिल्यांदा नॅप्थलीनचा वास येतो तसं ते गाणं येतं, दरम्यानच्या काळात कोणी वापरलेलंच नसतं.

म्हणून मी म्हणतो की यादी दुसऱ्याने आणि त्याच वेळी केलेली असणं फार मोलाचं आहे. आज आपण 'जुनी गाणी' म्हणून जी प्लेलिस्ट करतो ती आजच्या डोक्याने करतो, त्यात तीच येतात जी टिकली, आणि जी टिकली ती झिजलेली असतात. बाराव्या नंबरवरचं, गीतमालेच्या भाषेत बाराव्या पायदानवरचं, विसरलेलं गाणं आपण शोधणारच नाही, कारण शोधायला आधी ते आठवायला तर पाहिजे. ते फक्त समोरून चालून यावं लागतं.

वयाचाही भाग आहेच. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात, संशोधक याला रेमिनिसन्स बंप म्हणतात. पण कॅरोल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या कॉर्नेलच्या संशोधकांना 2013 मध्ये याच्या पुढचं काहीतरी मिळालं. त्यांनी विशीतल्या कॉलेजच्या मुलांना 1955 पासून 2009 पर्यंतची टॉपची गाणी ऐकवली. अलीकडची गाणी त्यांना जवळची वाटणारच, पण आई-वडील तरुण होते त्या काळातल्या, म्हणजे ऐंशीच्या सुरुवातीच्या गाण्यांपाशी आलेख पुन्हा वर चढला, आणि साठच्या दशकापाशी अजून एकदा. घरात जे वाजतं ते पोरांच्या आठवणीत जातं. सिंहगड रोडला शाळेच्या व्हॅनमध्ये ड्रायव्हरकाका रोज जी नव्वदच्या दशकातली गाणी लावतात ती पोरं 2060 मध्ये ऐकून हळवी होणार आहेत, हे मला अगदी मनापासून आवडतं.

आता थोडं रेडिओबद्दल, कारण ते राहून गेलं तर अर्धी गोष्ट राहील. 1952 मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री बी. व्ही. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप कोलंबोला जायच्या, आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता तिथून शॉर्टवेव्हवर आवाज परत भारतात. कोलंबो ते पुणे सरळ अंतर सुमारे 1400 किलोमीटर. एफएमचा सिग्नल साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो, एवढ्या लांब यायचं तर पृथ्वीच्या गोलाईआड जातो. शॉर्टवेव्ह मात्र वर जाऊन आयनोस्फिअर नावाच्या वातावरणाच्या वरच्या भागातून परत वळते, तिथली हवा सूर्याच्या किरणांनी आयनीभूत, म्हणजे विद्युतभारित, झालेली असते म्हणून. दिवसा सगळ्यात खालचा डी थर, साधारण 60 ते 90 किलोमीटरवरचा, या लहरी बऱ्याच शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर भराभर विरतो, पण वरचा एफ थर, अडीचशे-तीनशे किलोमीटरवरचा, रात्रीही टिकतो आणि लहरी परतवत राहतो. रात्री आठची वेळ श्रोत्यांसाठी सोयीची होतीच, ती भौतिकशास्त्राच्या बाजूनेही चांगली होती.

आणि तो आवाज मध्येच जवळ यायचा, मध्येच लांब जायचा, तेही त्यामुळेच. एकच लहर वेगवेगळ्या वाटांनी, कधी एक उडी मारून कधी दोन, अँटेनापर्यंत पोचते, त्या कधी एकमेकींना जोड देतात कधी खोडून काढतात, आणि वरचे थर सतत हलत असल्यामुळे हे प्रमाण बदलत राहतं. ज्यांनी ते ऐकलंय त्यांच्यासाठी ती खरखर गाण्याचाच भाग होऊन बसली. एन्डेल टल्विंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी 1973 मध्ये दाखवलं होतं की गोष्ट लक्षात ठेवताना आजूबाजूला जे असतं तेही सोबत साठतं, आणि आठवताना ते परत मिळालं तर काम सोपं होतं. त्यामुळे जुन्या शोमधली जाहिरात, निवेदकाचं 'बहनों और भाइयों', सरताज गीताआधीचा बिगुल, हे काढून नुसती स्वच्छ केलेली गाणी ऐकवली तर खुणांपैकी बऱ्याच खुणा आपण स्वतःच पुसतो. माझ्या मते असे कार्यक्रम परत लावताना जाहिरातींसकट लावले पाहिजेत.

काउंटडाऊनची रचना स्वतःच मेंदूला आवडणारी आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सलीमपूर, रॉबर्ट झाटोर आणि मंडळींनी 2011 मध्ये दाखवलं की आवडत्या संगीताचा अंगावर काटा आणणारा क्षण यायच्या आधी, नुसती वाट बघतानाच, मेंदूच्या कॉडेट भागात डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि प्रत्यक्ष क्षणी न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स या दुसऱ्या भागात. प्रयोग गाण्याच्या आतल्या वाट बघण्याचा होता, पण गीतमालेसारखं सोळावरून एकपर्यंत उतरत येणं म्हणजे तीच वाट बघणं तासभर ताणून धरणं असं मला वाटतं.

बरं, हे नंबर खरे तरी होते का? काही अंशी. गीतमालेची क्रमवारी रेकॉर्डची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पसंती यांवरून ठरायची. अमेरिकेतही 1991 मध्ये विक्रीची कॉम्प्युटराइज्ड मोजणी येईपर्यंत बिलबोर्डचं बरंच काम दुकानदारांनी फोनवर सांगितलेल्या माहितीवर चालायचं. पण मोजणी अगदी अचूक असती तरी नंबर आणि गुणवत्ता यांचं नातं सैलच असतं. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 2006 मध्ये 'सायन्स'मध्ये छापलेला प्रयोग बघा, 14,341 लोक, अनोळखी बँड्सची 48 गाणी, आणि लोकांची एकमेकांपासून तोडलेल्या आठ वेगळ्या जगांत विभागणी. आपल्याच जगातल्या इतरांनी काय डाउनलोड केलं ते प्रत्येकाला दिसत होतं. प्रत्येक जगात हिट वेगळी निघाली. फार चांगली गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. म्हणजे बाराव्या पायदानवरचं गाणं वाईट होतं म्हणून विसरलं गेलं असं अजिबात धरून चालू नका, सुरुवातीच्या हजार-पाचशे लोकांचा कल थोडा वेगळा पडला असता तर आज तेच मांडवात वाजत असतं.

आणि पहिल्या नंबरवालीसुद्धा कुठे सुरक्षित असतात? न्यूयॉर्क विद्यापीठात पास्कल वॉलिश यांच्या गटाने 2019 मध्ये तरुणांना 1940 ते 2015 मधली नंबर एकची गाणी ऐकवून किती ओळखता येतात ते तपासलं. साठ ते नव्वदच्या दशकांतली बऱ्यापैकी टिकून होती, चाळीस-पन्नासची बरीच कमी, आणि अगदी नव्या गाण्यांची ओळख तर काही वर्षांतच भराभर उतरत होती.

या सगळ्यातली मला सगळ्यात कामाची वाटणारी गोष्ट स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांबद्दल आहे. लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या यॉर्न-हेन्रिक याकोबसेन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं की खूप पूर्वीपासून ओळखीच्या संगीताची स्मृती मेंदूच्या ज्या भागांशी जोडलेली आहे ते भाग अल्झायमरमध्ये इतरांच्या मानाने उशिरा बिघडतात. याने आजार बरा होत नाही, पण नाव विसरलेला माणूस गाण्याची पुढची ओळ म्हणतो ते का, याचा काही उलगडा होतो. पुण्यात आता अशी माणसं सांभाळणारी घरं खूप आहेत, मुलं परदेशात आणि घरी एक मावशी सांभाळायला, असंही पुष्कळ. तिथे सहसा भजनं किंवा तीच ती सदाबहार गाणी दिवसभर चालू ठेवतात. त्यापेक्षा एक करून बघा. आजी किंवा आजोबा साधारण पंधरा ते पंचविशीचे होते ती वर्षं काढा, त्या वर्षांच्या गीतमालेच्या वार्षिक याद्या नेटवर सहज मिळतात, किंवा आजोबा इंग्लिश गाणी ऐकणारे असतील तर बिलबोर्डच्या. यादी वरून नाही, तळापासून लावायला घ्या, एका वेळी तीन-चारच गाणी, मध्ये गप्पांना जागा ठेवून, आणि कुठल्या गाण्याला चेहरा बदलतो ते जवळच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे मावशींनाही दुसऱ्या दिवशी कुठलं लावायचं ते कळेल.