आइस्क्रीम सँडविच
दोन वेफर, बिस्किटे किंवा पावाचे काप यांच्यामध्ये आइस्क्रीमची वडी घालून केलेला, हातात धरून खायचा पदार्थ. बशी-चमचा लागत नाही, हेच त्याचे भांडवल. एकोणिसाव्या शतकात लंडनचे फेरीवाले जाड काचेच्या चिमुकल्या पेल्यात आइस्क्रीम देत. गिऱ्हाईक ते चाटून पेला परत करी आणि तोच पेला जेमतेम विसळून पुढच्याच्या हाती जाई. त्यापेक्षा खाऊन टाकता येणारे भांडे केव्हाही बरे.

आजच्या रूपाचा माग न्यूयॉर्कच्या बावरी भागातील हातगाड्यांपर्यंत लागतो. १९०० च्या सुमारास वृत्तपत्रांनी या नव्या खुळाची दखल घेतली. पत्र्याच्या साच्यात एक वेफर, त्यावर आइस्क्रीम, वर दुसरे वेफर दाबले की एका सेंटचे सँडविच तयार. वॉल स्ट्रीटचे दलाल कचेरीतल्या पोऱ्यांच्या शेजारी फुटपाथवर उभे राहून ते खात, याचे बातमीदारांना विशेष अप्रूप. पुढे १९२८ मध्ये सान फ्रान्सिस्कोत जॉर्ज व्हिटनी यांनी ओटच्या बिस्किटांत व्हॅनिला भरून ते चॉकलेटमध्ये बुडवले आणि ‘इट्स-इट’ हे नाव दिले. रिचर्ड लामोटा यांचे ‘चिपविच’ हे चॉकलेट चिप बिस्किटांचे सँडविच १९८० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये आले, तेही हातगाड्यांवरूनच.

कारखान्यात बनणाऱ्या सँडविचचे तपकिरी बिस्कीट मऊ असते, बोटांना चिकटते. तो दोष नव्हे. साठवणीत आइस्क्रीमचा ओलावा बिस्किटात उतरणार, हे धरूनच त्याची कृती बेतलेली असते. बिस्कीट टणक राहिले, तर चावताच आइस्क्रीम चहूबाजूंनी बाहेर येईल. कुरकुरीत वेफरला मात्र असा मुक्काम सोसत नाही. ते आयत्या वेळीच लावावे लागते.

मुंबईत चर्चगेटला, ब्रेबर्न स्टेडियमच्या इमारतीतले ‘के. रुस्तम अँड कंपनी’ हे १९५३ पासूनचे दुकान अशाच सँडविचसाठी ओळखले जाते. आइस्क्रीमची जाड चौकोनी लादी, वर-खाली पातळ फिकट वेफर. पहिले काही घास कुरकुरीत, मग कडेने ओघळ सुटून मनगटाकडे निघतो. मे महिन्यात मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून सावकाश खाऊ म्हणणाऱ्याच्या हाती लगदाच उरायचा. या वेफर सँडविचचा भाऊ शोभेल असा प्रकार इराणात आहे: केशर आणि गुलाबपाण्याच्या आइस्क्रीमची ‘बस्तनी-ए-नूनी’. आयर्लंडमध्ये वेफरच्या सँडविचला ‘स्लायडर’ म्हणतात.

पावातले आइस्क्रीम ऐकायला विचित्र वाटते. ब्रून-मस्क्यावर वाढलेल्याला ते लवकर पटावे. सिंगापूरच्या ऑर्चर्ड रोडवर गाडीवाले विटेसारख्या आइस्क्रीमचा सुरीने काप काढून तो गुलाबी-हिरव्या गोड पावात गुंडाळून देतात. फिलिपीन्समध्ये ‘सोर्बेतेस’ हे तिथले आइस्क्रीम छोट्या बनमध्ये भरतात. सिसिलीत तर उन्हाळ्यात ब्रिओश या मऊ, गोडसर पावात जेलातो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम, भरून सकाळची न्याहारी होते. या ब्रिओशच्या डोक्यावर एक छोटी गाठ असते. ती आधी तोडून जेलातोत बुडवून खातात.