पार्श्वभूमी : खेळाचे नियम रचणाऱ्यांचा व्यवसाय

खेळ आणि बक्षीस ही जोडी गोव्याला नवी नाही. साष्टीतील फुटबॉलच्या मैदानांवर हौजी रंगते आणि मांडवीत कॅसिनोची जहाजे नांगरलेली असतात. त्यामुळे दूरचित्रवाणीवर कोणी लाखो रुपये जिंकताना दिसला की ‘हा जुगार नव्हे का?’ हा प्रश्न गोमंतकीयांच्या मनात लगेच उभा राहतो. हा प्रश्न गेम शो, म्हणजे बक्षिसांचे खेळ रचणाऱ्या व्यवसायाइतकाच जुना आहे. बक्षिसांच्या कार्यक्रमांना लॉटरी ठरवून बंद करण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या प्रसारण आयोगाने केला होता. तो तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली हाणून पाडला. घरबसल्या भाग घेणारा श्रोता वा प्रेक्षक पदरचे काही पणाला लावत नाही, म्हणून ती लॉटरी नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. हा निकाल उलटा लागता, तर गेम शोची निर्मिती हा उद्योग म्हणून उभा राहिला असता की नाही, याची शंकाच आहे.

या उद्योगाचा पाया मार्क गुडसन आणि बिल टॉडमन या जोडीने घातला. दोघेही रेडिओतून आलेले. त्यांनी पुढे आणलेला ‘व्हॉट्स माय लाइन?’ हा कार्यक्रम १९५० साली सुरू झाला. समोर बसलेल्या पाहुण्याचा व्यवसाय कोणता, हे परीक्षकांनी केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे मिळतील असे प्रश्न विचारून ओळखायचे, एवढाच खेळ. प्रत्येक ‘नाही’ला ५ डॉलर आणि फार तर ५० डॉलर मिळत. तरीही तो १९६७ पर्यंत चालला. बक्षिसाच्या आकड्यावर कार्यक्रम चालतो, अशी समजूत असणाऱ्या निर्मात्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवायला हवे. प्रेक्षकाला घरात बसून आपणही खेळतो आहोत असे वाटले पाहिजे, आणि नियम एका दमात सांगता आले पाहिजेत, हे गुडसन-टॉडमन यांना नेमके उमगले होते. ‘द प्राइस इज राइट’ आणि ‘फॅमिली फ्यूड’ हीदेखील त्यांच्याच संस्थेची निर्मिती.

मोठ्या रकमांची लाट १९५५ साली ‘६४,००० डॉलर क्वेश्चन’ने आणली आणि तिच्याबरोबर लबाडीही आली. त्या काळी कार्यक्रमावर खरी सत्ता प्रायोजक कंपनीची असे. स्पर्धक लोकप्रिय असला तर तो टिकावा, कंटाळवाणा झाला तर जावा, असा दबाव निर्मात्यावर येई. ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजुषेचा निर्माता डॅन एनराइट याने त्यापुढे जाऊन अख्खी लढत बेतली. हर्ब स्टेम्पेल या स्पर्धकाला कोणत्या प्रश्नावर चुकायचे ते सांगितले गेले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्याला पक्के ठाऊक होते. स्पर्धक घामाघूम दिसावा म्हणून काचेच्या बंद खोलीतील वातानुकूलन बंद ठेवले जात असे, असेही स्टेम्पेलने पुढे सांगितले. त्याला हरवणारा प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन देशभर गाजला. परंतु २ नोव्हेंबर १९५९ रोजी त्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आपल्याला उत्तरे आधीच मिळत होती, अशी कबुली दिली. १९६० साली अशी बनवाबनवी कायद्याने गुन्हा ठरली. प्रश्न तयार करणाऱ्यांना स्पर्धकांपासून दूर ठेवण्याची जी शिस्त आज पाळली जाते, तिचे मूळ या प्रकरणात आहे.

विश्वास गमावलेल्या या व्यवसायाला गायक आणि सूत्रसंचालक मर्व्ह ग्रिफिनने नवे वळण दिले, आणि तेही या घोटाळ्याचाच आधार घेऊन. स्पर्धकांना उत्तरे पुरवली म्हणून एवढा गहजब झाला, तर मग उघडपणे उत्तरेच द्यावीत आणि प्रश्न विचारायला सांगावेत, असे त्याची पत्नी जुलॅन हिने विमानप्रवासात सुचवले. ती म्हणाली, “५,२८०”, त्याने विचारले, “एका मैलात किती फूट?” यातून १९६४ साली ‘जेपर्डी’ आला आणि १९७५ मध्ये ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’. ‘जेपर्डी’त विचार करण्याच्या अवधीत वाजणारी धून ग्रिफिननेच रचली होती. तिच्या मानधनातून त्याला कोट्यवधी डॉलर मिळाले. १९८६ साली त्याने आपली कंपनी कोका-कोलाला २५ कोटी डॉलरना विकली. खेळाचे नियम हीच मालमत्ता ठरू शकते, हे एव्हाना स्पष्ट झाले होते.

भारतात सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ १९८५ साली दूरदर्शनवर आला आणि गजेंद्र सिंह यांची ‘अंताक्षरी’ १९९३ मध्ये झी टीव्हीवर. १९९८ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’ची भारतीय आवृत्ती ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ या नावाने आली. तिची निर्मितीही बसू यांच्याच संस्थेने केली. अशी आवृत्ती काढण्याच्या परवान्याबरोबर प्रश्नांची चढण, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत आणि मंचाची रचना हे सारे लेखी स्वरूपात येते. मराठीत हा खेळ २०१३ साली सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाने आला.

मराठी घरांत मात्र अधिक खोल रुजला तो २००४ साली आताच्या झी मराठीवर सुरू झालेला ‘होम मिनिस्टर’. स्पर्धक गृहिणीचे घर हाच मंच, शेजारीपाजारी हेच प्रेक्षक, बक्षीस एक पैठणी आणि सूत्रसंचालक आदेश बांदेकर सगळ्यांचे ‘भावोजी’. निर्मितीच्या दृष्टीने इतका काटकसरी आणि तरीही इतका आपलासा साचा मराठीत दुसरा सांगता येणार नाही. पेडणे, डिचोली, फोंड्यातील हळदीकुंकवाच्या समारंभांत होणारा ‘खेळ पैठणीचा’ हे त्याचेच गावोगाव पसरलेले रूप आहे.

असे रूप कोणीही उभे करू शकतो, कारण नुसत्या कल्पनेवर स्वामित्वहक्क मिळत नाही. ब्रिटिश सूत्रसंचालक ह्यूई ग्रीन यांनी आपला कार्यक्रम न्यूझीलंडमध्ये उचलला गेल्याची तक्रार केली, तेव्हा न्यूझीलंडचे त्या काळचे अंतिम अपील न्यायालय असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९८९ साली ती फेटाळली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये दूरचित्रवाणीवरील स्वयंवराच्या कल्पनेसंबंधीच्या खटल्यात वेगळी वाट दाखवली. पुरेशी विकसित केलेली आणि विश्वासाने वाहिनीपुढे मांडलेली संकल्पना गोपनीय माहिती म्हणून संरक्षण मागू शकते, असे न्यायालयाने मानले. म्हणून वाहिनीच्या कार्यालयात नवा खेळ घेऊन जाणाऱ्याने फेऱ्या, गुण, वेळ आणि बाद होण्याची रीत कागदावर तपशिलाने उतरवलेली असणे आणि गोपनीयतेचा करार आधी सही करून घेणे, या दोन गोष्टींना महत्त्व आहे.